गुन्ह्यांची मोजदाद : वऱ्हाडाने पाहिलेली दीडशे वर्षे

मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया स्टीम प्रेसमध्ये १८८२ साली एक पुस्तक छापले गेले. लेखक होते मेजर ई. जे. गन्थॉर्प, वऱ्हाड पोलिस दलातले अधिकारी. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतात राहणाऱ्या किंवा तिथे येऊन-जाऊन असणाऱ्या 'गुन्हेगार जमाती'विषयीच्या टिपा, असे त्याचे स्वरूप होते. टाकणकार, पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशी एकेक जमात घेऊन तिचा पेहराव, बोली, फिरण्याच्या रीती आणि गुन्ह्याची पद्धत त्यात नोंदली होती. ठाण्यावरच्या अंमलदाराने ते वाचावे आणि समोरचा माणूस कोण आहे हे ओळखावे, हा हेतू.

भारतात गुन्ह्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे जे सुरुवातीचे प्रयत्न झाले, त्यांपैकी हा एक. तो वऱ्हाडात काम करणाऱ्या माणसाच्या हातून झाला. त्या पुस्तकात ज्यांच्याकडे बोट दाखवले होते, त्या फासेपारध्यांची मुले आज अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे आपल्याच समाजाच्या शिक्षकाने उभारलेल्या शाळेत शिकतात. ते पुस्तक आणि ही शाळा यांच्यामध्ये गुन्ह्यांच्या अभ्यासाचा सगळा इतिहास येतो. गुन्हा कुठे, कधी आणि कसा घडतो हे विचारणारा अभ्यास गुन्हा रोखायला उपयोगी पडतो. गुन्हा कोणत्या जातीचा माणूस करतो एवढेच विचारणारा अभ्यास नवा अन्याय जन्माला घालतो. वऱ्हाडाने हे दोन्ही पाहिले आहे.

मोजून घेतलेला मुलूख

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही व्यवस्था होती. नव्या कारभाऱ्यांनी मुलूख समजून घेण्यासाठी मोजायला सुरुवात केली. १८६७ मध्ये वऱ्हाडात जनगणना झाली, म्हणजे देशव्यापी जनगणनेच्या आधीच. १८७० मध्ये ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले. १८८१ च्या वऱ्हाड जनगणनेचा अहवाल लिहिणाऱ्या युस्टेस किट्स यांनी पुढे १८८५ मध्ये सबंध भारतातल्या जाती-जमातींची सूचीच तयार केली.

या मोजणीला कारणेही होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगाव, अमरावती, अकोला येथील बाजारांत रोकड खेळू लागली. १८६७ पर्यंत रेल्वेचा रस्ता वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. माल, पैसा आणि अनोळखी माणसे यांची ये-जा पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली. दुसरीकडे १८६६ मध्ये मेळघाटचे जंगल राखीव झाले आणि जंगलावर जगणाऱ्यांच्या वाटा आखडल्या. ज्यांचे घर एका जागी नव्हते, ते कारभाऱ्यांच्या कोष्टकात कुठेच बसत नव्हते. कोष्टकात न बसणारा माणूस संशयित ठरायला वेळ लागला नाही.

ठगांविषयी युरोपात गाजलेली कादंबरी १८३९ मध्ये लिहिणारे मेडोज टेलर हेही काही काळ या मुलखात होते. १८५७ च्या धामधुमीत बुलढाण्याचा कारभार त्यांच्याकडे होता. गुन्हेगारी हा काही समाजांचा वंशपरंपरागत धंदाच असतो, ही समजूत ठगांच्या गोष्टींनी सरकारी डोक्यात पक्की केली होती.

फ्रान्सचा नकाशा आणि भारताची यादी

त्याच शतकात फ्रान्समध्ये वेगळे काही घडत होते. १८२५ पासूनच्या खटल्यांची आकडेवारी तिथे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागली होती. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने १८३३ मध्ये ती नकाशांवर मांडली. निघालेले चित्र चकित करणारे होते. गरीब भागांत चोऱ्या जास्त असतील, ही सर्वांची खात्री. प्रत्यक्षात मालमत्तेचे गुन्हे संपन्न भागांत जास्त दिसले, कारण चोरण्यासारखे तिथेच जास्त होते. शिक्षण कमी तिथे हिंसा जास्त, हाही अंदाज नकाशाने खरा ठरवला नाही. बेल्जियमचे अडॉल्फ केतले यांनी दाखवले की गुन्ह्यांची वार्षिक संख्या आश्चर्य वाटावे इतकी स्थिर राहते. अर्थ स्पष्ट होता : गुन्ह्याची मुळे केवळ एखाद्याच्या वाईट स्वभावात नसतात, ती समाजाच्या रचनेतही असतात.

भारतात मात्र नकाशाऐवजी यादी तयार झाली. १८७१ चा सत्ताविसावा कायदा म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. एखादी टोळी, जमात किंवा वर्ग अजामीनपात्र गुन्हे सातत्याने करतो असे सरकारला वाटले, तर तो सबंध समूह 'गुन्हेगार जमात' म्हणून जाहीर करण्याची सोय त्यात होती. मग प्रत्येकाची नोंदणी, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवाना आणि नियम मोडला की शिक्षा. आरंभी हा कायदा उत्तरेकडच्या प्रांतांना लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा देशभर गेली आणि १९२४ मध्ये तो एकत्रित स्वरूपात पुन्हा आला. इटलीच्या चेझारे लोंब्रोसो यांनी 'जन्मजात गुन्हेगारा'चा सिद्धांत मांडणारे पुस्तक १८७६ मध्ये छापले. भारतातल्या कायद्याने तीच कल्पना त्याआधी पाच वर्षे अमलात आणली होती, आणि तीही एकेका माणसाला नव्हे, सबंध समाजाला लावून.

वऱ्हाडातल्या टाकणकारांचे उदाहरण घ्या. जात्याला टाके घालून देणे हा त्यांचा व्यवसाय. त्यासाठी ते दारोदार जात, ओसरीवर बसून काम करत. पोलिसी नजरेने याचा अर्थ असा लावला की हा माणूस घराची टेहळणी करतो. फासेपारधी फासे लावून तितर-लावे धरत, माळरानावर बेडा म्हणजे तात्पुरती वस्ती टाकून राहत आणि हंगाम पाहून हलत. हे हलणेच संशयाचे कारण ठरले.

इथे अभ्यासाची मोठी चूक दिसते. पोलिस यादीतल्या बेड्यावर आधी जातात. तिथे कुणी ना कुणी सापडतो. त्याची अटक आकड्यात भर घालते. पुढच्या वर्षी तोच आकडा दाखवून सांगितले जाते की या जमातीत गुन्हे जास्त. ज्या वस्तीत कुणी शोधायलाच जात नाही, तिथले गुन्हे नोंदीत येतच नाहीत. यादीने स्वतःचाच पुरावा तयार केला आणि तो पुरावा पाऊणशे वर्षे खरा मानला गेला.

बोटांच्या रेषांनी दाखवलेली दुसरी वाट

याच काळात भारतात एक विलक्षण शोध लागला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. त्यामागची वर्गीकरणाची पद्धत जगात एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिच्या मागचे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांचे होते. दहा बोटांच्या ठशांवरून १,०२४ गट पाडायचे आणि हजारो कागदांतून नेमका एक कागद काही मिनिटांत काढायचा, अशी ती युक्ती होती. पुढे लंडनच्या पोलिसांनीही ती स्वीकारली.

या शोधाचा गाभा असा की ठसा जात सांगत नाही. तो एकाच माणसाचा असतो आणि त्या माणसाने त्या जागी हात लावला होता की नाही, एवढेच सांगतो. तरीही यादीतल्या जमातींच्या माणसांचे ठसे सरसकट घेण्याचा अधिकार गुन्हेगार जमाती कायद्याने दिला. साधन कितीही अचूक असले, तरी प्रश्न चुकीचा असेल तर उत्तरही अन्यायाचेच येते.

यादी रद्द झाली, शिक्का राहिला

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली १९४९-५० मध्ये चौकशी समिती बसली. तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून हा कायदा गेला. म्हणूनच हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, रामोशी, वडार यांसह १४ जाती आहेत. फासेपारधी, टाकणकार हे अनुसूचित जमातींमध्ये येतात. जमातीऐवजी सराईत व्यक्तीवर लक्ष ठेवणारे कायदे राज्यांनी केले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा.

कागद बदलला, पण संशयाची सवय गेली नाही. परिसरात दरोडा पडला की पहिली झडती बेड्यावर, हा अनुभव पारध्यांच्या पिढ्यांनी सांगितला आहे. या सवयीची किंमत किती मोठी असते, ते ५ मार्च २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून दिसते. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ मधील दरोडा आणि हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. २००९ मध्ये त्याच न्यायालयाने ती कायम केली होती. दहा वर्षांनी फेरविचारात न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, त्यांना खोटे गुंतवल्याचे नोंदवले आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तोवर त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. खरे गुन्हेगार मात्र मोकळेच राहिले. चुकीच्या दिशेने केलेला तपास पीडित कुटुंबावरही अन्यायच करतो, हे यातून लक्षात घ्यायला हवे.

२०२४ मध्ये दोन महत्त्वाचे निकाल आले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीट या पोलिसी नोंदीविषयी बोलताना राज्यांना बजावले की केवळ मागास किंवा विमुक्त समाजातला आहे म्हणून कुणाचे नाव अशा नोंदीत येता कामा नये. ३ ऑक्टोबर रोजी सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातिभेद घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. १८७१ मध्ये उघडलेली वही मिटवण्याचे काम अजून चालू आहे.

आकडे कसे वाचावेत

आजची राष्ट्रीय मोजदाद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग करतो. त्याची स्थापना १९८६ ची. देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल मात्र १९५३ पासूनचा आहे. पोलिस संशोधनासाठीचा केंद्रीय विभाग १९७० मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये मंजूर झालेल्या सीसीटीएनएस प्रकल्पाने पोलिस ठाणी संगणकाने जोडली आणि २०२२ पासून ठशांचा राष्ट्रीय संचही कामाला लागला. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी कायद्यानुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे. त्यामुळे अशा प्रयोगशाळांचे महत्त्व आता आणखी वाढेल.

हे आकडे वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली : हे नोंदलेले गुन्हे आहेत, घडलेले नव्हेत. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले. ठाण्यात तक्रार सहज घेतली जाऊ लागली की आकडा वाढतो. ती वाढ चांगल्या कामाची खूणही असू शकते.

दुसरी : २०२० मध्ये देशातले नोंदलेले गुन्हे आदल्या वर्षीपेक्षा २८ टक्क्यांनी वाढून ६६,०१,२८५ झाले. त्या वर्षी माणसे घरात होती आणि चोऱ्या घटल्या होत्या. वाढीतला मोठा वाटा सरकारी आदेश मोडल्याच्या गुन्ह्यांचा होता. टाळेबंदीमुळे त्यांची संख्या २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेली. २०२२ पर्यंत एकूण आकडा ५८,२४,९४६ वर आला. नुसती बेरीज पाहणाऱ्याला यातले काहीच कळणार नाही.

तिसरी : एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. दरोड्यात खून झाला तर नोंद खुनाची होते.

चौथी खास आपल्याकडची. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याआधीचे अकोल्याचे आकडे वाशीमसह आहेत. दोन्ही काळांची थेट तुलना केली तर गुन्हे एकाएकी घटल्यासारखे दिसतील. अमरावतीचे आकडे तर आयुक्तालय आणि ग्रामीण अशा दोन ओळींत येतात. त्यातली एकच ओळ उचलून जिल्ह्याविषयी निष्कर्ष काढणे चूक आहे. प्रमाण नेहमी एक लाख लोकसंख्येमागे पाहावे. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्हा २८,८८,४४५ लोकांचा होता आणि अकोला १८,१३,९०६ लोकांचा.

स्थळानुसार मोजण्याचे मोल वऱ्हाडाला चांगले ठाऊक आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागच अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा स्वतंत्र अहवाल काढतो. १९९५ पासून त्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या दिसू लागल्या. अशा नोंदींमुळे पश्चिम विदर्भाचे दुःख देशाला नाकारता आले नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या योजनेने प्रश्न सुटला नाही, पण आकड्याने निदान 'इथे काय चालले आहे' हे विचारायला भाग पाडले.

जागा, वेळ आणि संधी

गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने गेरीच्या नकाशाला नवे बळ दिले. १९७९ मध्ये कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी मांडले की गुन्ह्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : करू पाहणारा, हाती लागण्याजोगे लक्ष्य आणि राखणाऱ्याची गैरहजेरी. यातली एक काढून घेतली तरी गुन्हा टळतो. १९८९ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेले दूरध्वनी तपासले. निम्मे दूरध्वनी शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून आले होते. धोका वस्तीभर किंवा समाजभर पसरलेला नसतो. तो थोड्या, नेमक्या जागी साचतो.

हे वऱ्हाडाला लावून पाहा. शेतातल्या विहिरीवरचा मोटारपंप, तांब्याची केबल, स्प्रिंकलरचे पाईप चोरीला जाणे ही इथल्या शेतकऱ्याची नेहमीची डोकेदुखी. शेत गावापासून दूर, रात्री राखण नाही आणि भंगारात माल सहज खपतो. कोहेन-फेल्सन यांच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात. यावर उपाय कुठल्या बेड्यावर छापा घालणे हा नाही. पंपावर क्रमांक कोरणे, भंगार खरेदीची नोंद सक्तीची करणे, हंगामात शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून राखण करणे हे उपाय स्वस्त आहेत आणि चोर कोणत्याही जातीचा असला तरी लागू पडतात. कापूस-सोयाबीन विकून हाती रोकड येते ते दिवस, आठवडी बाजार, बसस्थानकाची गर्दी यांच्या नोंदी ठाण्यांकडे असतातच. त्या वेळ आणि जागेनुसार मांडल्या तर बंदोबस्त कुठे हवा ते दिसेल.

गावाच्या पातळीवरही वाट आहे. मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामरक्षणाला स्वतंत्र अध्याय दिला. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे सूत्र हेच होते : बांधाचा वाद डोक्यात कुऱ्हाड घालण्यापर्यंत जाण्याआधी गावात मिटवावा.

शाळा आणि माळरान

आणि मुळाकडे जाणारा उपाय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. वन्यजीवांसाठी ती गरजेचीच होती, पण फासेपारध्यांना दुसरा धंदा कुणी दिला नाही. ती पोकळी भरण्याचे काम याच समाजातल्या एका शिक्षकाने हाती घेतले. मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची नोकरी सोडली आणि २०१२ च्या सुमारास नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे 'प्रश्नचिन्ह' ही आश्रमशाळा उभी केली. स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी मुले वर्गात आली. समृद्धी महामार्गाच्या कामात शाळेच्या काही इमारती गेल्या, तरी शाळा चालू राहिली. वाशीम-अकोला भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांचे माळरानाविषयीचे ज्ञान गवताळ प्रदेश आणि तणमोर वाचवण्यासाठी वापरते. पाखराची चाहूल ओळखणारा हा समाज १८८२ च्या पुस्तकात संशयित होता; इथे त्याचे तेच कसब निसर्गाच्या कामी आले आहे.

गुन्हेप्रतिबंध म्हणून याची गणना सरकारी अहवालात होत नाही. व्हायला हवी. भूक आणि हाकलले जाणे या दोन गोष्टी कमी करणारे प्रत्येक काम गुन्हा घडण्याच्या आधीचे काम आहे.

यंत्राला काय शिकवायचे?

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नागपुरात 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. पोलिस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणे हे तिचे काम. गुन्ह्यांच्या पद्धती शोधण्यात, आर्थिक आणि सायबर फसवणुकीचे धागे जुळवण्यात यंत्र मोठी मदत करू शकते. पण यंत्र शिकते ते जुन्या नोंदींतून. त्या नोंदींत बेड्यावरच्या सरसकट अटका असतील, तर यंत्र पुन्हा बेड्याकडेच बोट दाखवेल, आणि या वेळी ते बोट गणिताचे म्हणून कुणी शंकाही घेणार नाही. म्हणून यंत्राला द्यायच्या नोंदी आधी तपासल्या पाहिजेत. निर्दोष सुटलेल्यांच्या अटका वगळल्या पाहिजेत. जात आणि वस्ती यांना धोक्याचे माप करणे कायद्याने थांबवले पाहिजे.

वाचकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघाला आणि 'गुन्हे वाढले' अशी बातमी आली, तर आपल्या जिल्ह्याची ओळ स्वतः उघडून पाहा. कोणते गुन्हे वाढले, नोंद वाढली की घटना, दोषसिद्धी किती, हे विचारा. ग्रामसभेत चोरीचा विषय निघाला तर कुठे, कधी आणि कसे, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा. आणि कुणी बेड्याकडे बोट दाखवले, तर आधी पुरावा मागा.